सातव्या पत्रातलं नाव

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईलाही नाही. आणि ज्यांना सांगायला हवं होतं ते माझे सासरे — ते आता नाहीत. तुम्हाला सांगते आहे, कारण कुठून तरी सुरुवात करायला हवी, आणि अनोळखी माणसासमोर माझी जीभ जरा बरी चालते.

मी हळव्या स्वभावाची नाही. नॉटिंगहॅममधल्या एका जीपी सर्जरीची, म्हणजे फॅमिली डॉक्टरांच्या दवाखान्याची, मी मॅनेजर आहे. दिवसभर ड्यूट्यांचा रोटा लावते, लोकांच्या तक्रारी ऐकते, डॉक्टरांनी वेळेवर न भरलेले फॉर्म त्यांच्यासमोर नेऊन ठेवते. मुद्द्याचं बोला, हे माझं ठरलेलं वाक्य. आता माझ्यावर वेळ आली, तर मुद्द्यावर येता येत नाहीये. दोनदा लिहून खोडलं. तेव्हा जरा लांबून येते.

माझं लग्न ठरायचं होतं तेव्हा आईने माझी माहिती लिहून काढली होती. शिक्षण, उंची, गोत्र. छंद या रकान्यात तिने लिहिलं — वाचन, पोहणे, मोडी लिपी.

मोडी म्हणजे पूर्वी पत्रांसाठी आणि सरकारी दप्तरासाठी वापरायचे ती वळणदार, शब्दांमध्ये जागा न सोडता लिहिलेली लिपी. आता ती फार थोड्यांना वाचता येते. माझ्या आजोबांना येत होती. जमिनीच्या जुन्या कागदांच्या कचेरीत त्यांची नोकरी झाली. मी दहा वर्षांची असताना एका मे महिन्याच्या सुट्टीत त्यांनी मला मुळाक्षरं शिकवली. मला माझं नाव लिहिता यायला लागलं. सुट्टी संपली, मोडीही संपली.

“अगं, मला येत नाही मोडी,” मी आईला म्हणाले.

“इंग्लंडात कोण परीक्षा घेणार आहे तुझी? उठून दिसतं.”

परीक्षा घेणारा माणूस नेमका इंग्लंडातच होता. बाबा — म्हणजे माझे सासरे — तरुणपणी डॉक्टर म्हणून इकडे आले आणि त्यांनी सगळी नोकरी इथल्या हॉस्पिटलांत केली. मुलगी बघायला ते त्यांच्या मुलाबरोबर, नंदनबरोबर, पुण्याला आले होते. बाकीच्यांनी मला नेहमीचे प्रश्न विचारले. बाबा गप्प होते. शेवटी एकच विचारलं, “मोडी वाचतेस? म्हणजे जुनी पत्रं वाचता येतात?”

मी आईकडे बघितलं. मग म्हणाले, “हो.”

त्यांचा चेहरा असा उजळला की — काय सांगू? लग्न ठरलं ते त्या क्षणीच. नंदन आजही चेष्टेत म्हणतो, “तुला माझ्या बापाने पसंत केलं, मी नुसता हजर होतो.”

पत्रांची हकिगत अशी. बाबांच्या पणजोबांचं लग्न एकोणिसाव्या शतकातलं. नवरा मुलगा चौदाचा, नवरी नऊ वर्षांची. सोयरीक ठरल्यापासून लग्न लागेपर्यंत नवरीच्या वडिलांनी नवऱ्याच्या वडिलांना अकरा पत्रं पाठवली होती. ती कशी कोण जाणे, घरात राहिली. बाबांच्या आईने ती स्वतःच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधून त्यांना दिली आणि बाबांनी ती सुटकेसमधून इकडे आणली. घरात कुणालाच ती वाचता येत नव्हती. बाबांना एकच गोष्ट जाणून घ्यायची होती. पणजी सासरी जानकी झाली, म्हणून सगळे तिला जानकीबाई म्हणून ओळखत. पण ती माहेरी कोण होती? लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने नवीन नाव लिहितात आणि जुनं नाव तिथेच संपतं. तिचं ते पहिलं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. “जिच्यामुळे आपण सगळे आहोत तिचं नावसुद्धा माहीत नाही, हे काही बरं नाही,” असं ते म्हणायचे.

आणि मी ते वाचून दाखवणार, म्हणून या घरात माझे किती लाड झाले ते ऐका. सासूबाई जुन्या वळणाच्या होत्या. सुरुवातीला त्यांनी माझ्याकडून सुनेच्या सगळ्या अपेक्षा केल्या. बाबांनी त्यांना एकदाच सांगितलं, “ती पत्रं वाचणारी मुलगी आहे. भांडी घासायला नाही आणलेली.” त्या दिवसापासून बाबा स्वतः भांडी घासायला उभे राहिले. सुपरमार्केटच्या रिकाम्या कार पार्कमध्ये रविवारी सकाळी त्यांनी मला गाडी शिकवली; मी क्लच सोडताना गाडी बंद पाडली की म्हणायचे, “होऊ दे, गाडी रागावत नाही.” पुढे माझी मुलगी यमू झाल्यावर आठवड्यातले तीन दिवस ते तिला सांभाळायचे, म्हणून मला इथली पात्रता परीक्षा देता आली. आज माझी जी नोकरी आहे, जे चारचौघांत स्थान आहे, ते त्या माणसामुळे आहे. माझ्या स्वतःच्या वडिलांनी माझ्यावर एवढा विश्वास टाकला नव्हता. हे ऋण मला रोज आठवतं. आणि रोज हेही आठवतं की तो विश्वास ज्यावर उभा होता ते माझ्याकडे कधी नव्हतंच.

सांगायचं ना मग? सांगता आलं असतं. पहिल्याच आठवड्यात, चहा पिताना — “बाबा, मला नीट येत नाही हो.” ते हसले असते. मला पक्कं माहीत आहे की हसले असते. पण मी सबबी काढत बसले. कागद फार जीर्ण आहे, म्हणाले. तर त्यांनी एका म्युझियममधल्या बाईंकडून कागद जपायची प्लास्टिकची पाकिटं मिळवली. अक्षर बारीक आहे म्हणाले; दिवा लावलेलं भिंग आलं. शाई पुसट आहे म्हणाले. तर सगळी पत्रं स्कॅन करून मोठ्या प्रिंट्स काढून आणल्या. माझी एकेक सबब तो भला माणूस हौसेने निकालात काढत होता. चार वर्षं गेली.

मग यमूचं बारसं आलं.

घरात तीसेक माणसं. बारा दिवसांची मुलगी मांडीवर, टाके दुखतायत, आणि बाबा तो लुगड्याचा तुकडा घेऊन समोर बसलेले. “सुनबाई, नाव मला त्या पणजीचं ठेवायचंय. माहेरचं. या अकरा पत्रांत ते कुठेतरी असणारच. शोध.”

सगळे माझ्याकडे बघत होते. मी एक पत्र उचललं. ओळींवरून बोट फिरवलं. श्री दिसला. एक न ओळखला. बाकी नुसती वळणं.

“यमुना,” मी म्हणाले.

कुठून आलं ते नाव? पहिली-दुसरीत माझ्या शेजारी बसणाऱ्या मुलीचं होतं. तिची पेन्सिल मी न विचारता घ्यायची. बस, एवढंच. बाबांनी डोळे मिटून ते नाव दोनदा म्हटलं. मग पाळण्यात माझ्या मुलीचं नाव यमुना ठेवलं गेलं.

इथवर तुम्ही म्हणाल — तरुण होती, अडचणीत होती, घाबरली. मीही स्वतःला तेच सांगत आले. पण थांबा, अजून मूळ गोष्ट आलेली नाही.

सासूबाई गेल्यावर बाबा फार एकटे पडले आणि म्हणाले, आता सगळी पत्रं सावकाश वाच, रविवारी दुपारी एकेक. बाळबोधीत, म्हणजे आपल्या देवनागरीत, लिहून दे, म्हणजे यमूलाही वाचता येतील. तेव्हा मी काय केलं असेल? मी ती पत्रं लिहिली. होय — अकराच्या अकरा, माझ्या मनाने. आठवडाभर सुचलेलं जुळवायचं आणि रविवारी भिंगाखाली कागद धरून अडखळत “वाचायचं”. अडखळण्यात मी पटाईत झाले होते. कुठे “हे अक्षर लागत नाही” असं म्हणायची, कुठे एखादी ओळ गाळायची, म्हणजे खरं वाटतं. बाबा समोर बसून वहीत उतरवून घेतलेलं पुन्हा वाचायचे.

सातवं पत्र माझं सगळ्यात चांगलं जमलं होतं. त्यात नवरीचे वडील लिहितात — चि. यमुना अद्याप अंगणात चिंचोके खेळते. तिकडे आल्यावरही वर्षभर तिला खेळू द्यावे, एवढीच विनंती.

बाबांनी चष्मा काढला. मग म्हणाले, “आपल्याकडे अशी माणसं होती बघ.”

ते ‘खेळू द्यावे’ आमच्या घरात रुळलं. यमू लहानपणी अभ्यास टाळायची तेव्हा म्हणायची, “आजोबा, मला वर्षभर खेळू द्यावे!” शाळेतल्या प्रोजेक्टमध्ये तिने ते इंग्रजीत केलं. बाबांच्या शेवटच्या आजारात त्यांनी मला सातवं पत्र पुन्हा वाचायला सांगितलं. मला कागद लागलाच नाही, आपलंच लिहिलेलं पाठ असायला काय हरकत होती? ते म्हणाले, “तुझे फार उपकार आहेत गं.” चार दिवसांनी ते गेले.

मध्येच एक सांगते. त्याच वर्षी मी सर्जरीतल्या एका रिसेप्शनिस्टला कामावरून काढलं. अर्जात तिने न केलेला एक कोर्स केला म्हणून लिहिला होता. ती रडत होती. मी म्हणाले, प्रश्न कोर्सचा नाही, खोटेपणाचा आहे. घरी आल्यावर नेहमीसारखी झोप लागली मला.

बाबा गेल्यावर वर्षभराने मी मोडी शिकायला घेतली. पुण्याच्या एक बाई ऑनलाइन वर्ग घेत, आमच्या शनिवारी सकाळी. नंदनला सांगितलं, उजळणी करते आहे. का शिकले? आता परीक्षा घेणारं कुणी उरलं नव्हतं म्हणून असेल. त्या बाई चिकाटीच्या होत्या, माझ्या चुका एकेक अक्षर धरून दुरुस्त करायच्या, “घाई नाही, पुन्हा बघा,” म्हणायच्या. त्यांचेही माझ्यावर उपकार आहेत आणि त्यांना ते माहीत नाही. दीड वर्षाने एका शनिवारी मी ती पाकिटं काढली आणि पत्रं खरोखर वाचली.

बहुतेक पत्रं कामाचीच होती. वऱ्हाडाने खालच्या वाटेने येऊ नये, ओढ्याला पाणी आहे. किती गाड्या येणार ते आधी कळवावे. भटजी आजारी आहेत, दुसरे बघितले आहेत. मला तो माणूस आवडला. मुद्द्याचं लिहीत होता.

आणि मग सातवं.

त्यातला मजकूर मी इथे जसाच्या तसा देते. “मुलीचे नांव भिकू. आधींची चार अपत्यें राहिलीं नाहींत. ही झाली तेव्हां मातोश्रींनी पांच घरीं पदर पसरून हिला मागून घेतली, म्हणोन हें नांव. तरी लग्नांत नांव बदलूं नये. बदलल्यास हिला कांहीं होईल असें कुटुंबाचे मनांत फार भय आहे. इतकें ऐकावें.”

मूल जगत नसलं की पूर्वी असं करत. देवाला हेवा वाटू नये म्हणून मुलाचं नाव धोंडू, भिकू असं काहीतरी ठेवायचं. भीक मागून आणलेलं, टाकाऊ, कुणी नेऊ नये असं. म्हणजे ते नाव त्या आजीने नातीभोवती घातलेलं कुंपण होतं. आणि बायकोच्या भीतीपायी बाप मुलाकडच्यांपुढे हात जोडून सांगत होता, तेवढं काढू नका.

पत्राच्या पाठीवर दुसऱ्या हाताची एक ओळ आहे. नवऱ्याच्या वडिलांची असणार. “उत्तर पाठविलें. नांव जानकी ठेवणें.”

बाबांना हवं होतं ते नाव त्यांच्याच घरात, त्यांच्याच कपाटात होतं. पंधरा पौंडांत तेव्हाही कुणी जाणकाराने ते वाचून दिलं असतं. मी “येत नाही” म्हणाले असते तर.

आता मूळ गोष्ट. गेल्या उन्हाळ्यात यमूचं लग्न झालं. ती केंब्रिजला संशोधन करते. नवरा टॉमही तिथलाच. तिने आधीच जाहीर केलं होतं की ती आडनाव, नाव, काहीच बदलणार नाही. “आई, त्या यमुनाचं नेम त्यांनी चेंज केलं ना, without even asking. मी नाही करणार. आणि तू तो पत्र वाच, the playing one. ओरिजिनलवरून. मराठीत. मला ती साउंड पाहिजे.”

मी म्हणाले, “वाचते.”

त्यानंतर सहा आठवडे होते. मला तिला फोन करता आला असता. केंब्रिज काही चंद्रावर नाही.

हॉलमध्ये ऐंशी माणसं. टॉमचे आईवडील पहिल्या रांगेत, त्यांच्या हातात इंग्रजी भाषांतराचे कागद. यमूने स्वतः सातवं पत्र पाकिटातून काढून माझ्या हातात दिलं. मी ते धरलं. आणि — तुम्हाला कळतंय ना — आता मला वाचता येत होतं. एकेक अक्षर लख्ख दिसत होतं. माझे डोळे वाचत होते, मुलीचे नांव भिकू. माझं तोंड म्हणत होतं, चि. यमुना अद्याप अंगणात चिंचोके खेळते. शेवटच्या ओळीला मी सवयीने थोडी अडखळलेसुद्धा.

टाळ्या पडल्या. टॉमच्या आईने डोळे पुसले. यमू माझ्या गळ्यात पडली.

पहिल्या खोट्याला कारणं होती — आई, बारसं, तीस माणसं. याला काय कारण होतं? मुलीचा दिवस बिघडू नये, असं मी तेव्हा मनाशी म्हटलं. ते खरं नाही. खरं हे की भिकू हे नाव त्या हॉलमध्ये, त्या फुलांसमोर, त्या पाहुण्यांसमोर उच्चारायची मला लाज वाटली. माझ्या हातात बापाची विनंती होती, आणि मी भिकूच्या सासऱ्याने केलं तेच केलं. चांगलं दिसेल असं नाव ठेवलं.

ती मुलगी पुढे जगली. नाव बदलल्यावरही जगली, आईची भीती खोटी ठरली. तिला मुलं झाली, त्यांची मुलं झाली, आणि त्यातून बाबा आले, नंदन आला, यमू आली. माझं जे काही आहे ते तिच्या जगण्यामुळे आहे. कुणी मला कृतज्ञता म्हणजे काय विचारलं तर मी तिचंच नाव घेईन. ते घ्यायची संधी मला एकदा, माईकसकट, मिळाली होती.

या आठवड्यात मी अकराही पत्रं बाळबोधीत नीट उतरवली, पाठीवरच्या ओळीसकट. खाली इंग्रजी केलं, कारण यमूला जुनं मराठी जड जाईल. वेगळ्या कागदावर बायोडेटापासून हॉलपर्यंत काय काय झालं ते क्रमाने लिहिलं. मला माफ कर असं कुठेही लिहिलेलं नाही. ते मागितलं की तिला द्यावंसं वाटेल, आणि ते द्यायचं ओझं तिच्यावर नको. तिने नाव ठेवावं की टाकावं, मला आई म्हणावं की आणखी काही, तिचं ती बघेल. वरच्या चिठ्ठीत एकच ओळ आहे — यमू, सातवं पत्र आधी वाच.

आज सकाळी कामावर जाताना पाकीट पोस्टात दिलं. फर्स्ट क्लास. उद्या पोचेल.